रिॲक्टरचे गणित आणि कुंपणापलीकडची माणसे

इतिहासाच्या शिक्षकाने रासायनिक अभियांत्रिकीतील गणितावर लिहावे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. संपादक मंडळाची अपेक्षा लेण्यांवरील अथवा सातवाहनकालीन शिलालेखांवरील लेखाची होती. परंतु आपल्या विद्यालयातून दहावी होऊन आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलेली कितीतरी मुले आज रासायनिक कारखान्यांत पाळीवर जातात. ज्या रिॲक्टरसमोर ती आठ-आठ तास उभी असतात, त्या रिॲक्टरचे वर्तन आधी कागदावर मांडण्याची एक विद्या आहे. तिला गणिती प्रतिमान व संख्यात्मक विश्लेषण असे जड नाव आहे. या विद्येलाही इतिहास आहे आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच माणसांच्या जगण्यामरण्याशी निगडित आहे. ही विद्या केवळ मोठ्या अभियंत्यांची मालमत्ता राहू नये आणि शालेय वयातच तिचा परिचय व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकात साबण व काचेसाठी लागणारा सोडा लेब्लांक पद्धतीने तयार होत असे. मिठावर गंधकाम्लाची अभिक्रिया करताना हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडे आणि तो सरळ धुराड्यातून हवेत सोडला जाई. विडनेस, सेंट हेलेन्स या गावांच्या परिसरातील झाडे करपली, शेते जळाली. जमीनदारांचे नुकसान होऊ लागले तेव्हा पार्लमेंटला जाग आली. (मजुरांची फुप्फुसे त्याआधीपासून जळत होती, हे वेगळे सांगायला नको.) १८६३ साली अल्कली ॲक्ट संमत झाला. या वायूपैकी किमान ९५ टक्के भाग कारखान्याने पाण्यात शोषून घेतलाच पाहिजे, अशी त्यात अट होती.

या ९५ च्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पंच्याण्णव टक्के शोषले गेले हे सिद्ध करायचे, तर मुळात किती तयार झाले हे ठाऊक हवे. त्यासाठी मीठ किती घातले, आम्ल किती घातले, पाण्यात किती उतरले, धुराड्यातून किती गेले, याचा ताळा जुळवावा लागतो. जेवढे आत आले त्यातून बाहेर गेले ते वजा करावे. उरले ते आत साठले किंवा त्याचे रूपांतर झाले. आपल्या वसतिगृहाच्या कोठीची वही याच तत्त्वावर चालते. तांदळाची पोती आली, रोजचा शिधा गेला, शिल्लक इतकी. ताळा चुकला तर उंदीर तरी लागले किंवा हात तरी. रासायनिक अभियांत्रिकीच्या सर्व प्रतिमानांचा पाया एवढाच आहे. वस्तुमानाचा जमाखर्च आणि उष्णतेचा जमाखर्च. या कायद्याखाली निरीक्षक म्हणून कारखाने पालथे घालणारा जॉर्ज डेव्हिस हाच पुढे या शास्त्राचा आद्य प्रवर्तक ठरला. १८८७ साली मँचेस्टरमध्ये त्याने या विषयावर व्याख्याने दिली आणि १९०१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्येचा उगम कारखानदाराच्या नफ्याइतकाच निरीक्षकाच्या तपासणीतही आहे, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठेही येत नाही. यायला हवी.

कोठीच्या वहीत आणि रिॲक्टरच्या वहीत फरक एकच, पण तो फार मोठा आहे. कोठीतील खर्च दिवसातून दोनदा होतो. रिॲक्टरमधील जमा व खर्च क्षणोक्षणी बदलतात, आणि बदलण्याचा वेग त्या क्षणीच्या स्थितीवरच अवलंबून असतो. अशा जमाखर्चाला अवकल समीकरण म्हणतात. बहुतेक खऱ्या समीकरणांचे नेमके उत्तर सूत्राने निघत नाही. मग काय करावे? ऑयलर या गणितज्ञाने १७६८ सालच्या ग्रंथात मार्ग सांगितला होता. छोटे पाऊल टाकावे, तेवढ्या काळात वेग तोच राहील असे धरावे, नवी स्थिती काढावी, पुन्हा वेग काढावा, पुन्हा पाऊल टाकावे. पुढे रुंगे (१८९५) व कुट्टा (१९०१) या जर्मन गणितज्ञांनी या पद्धतीत सुधारणा केल्या. संगणक नव्हते तेव्हा ही कामे हाताने, आलेखकागदावर होत. ऊर्ध्वपातनाच्या उंच स्तंभात किती थाळ्या लागतील, हे पट्टी-पेन्सिलीने पायऱ्या काढून ठरवण्याची मॅककेब आणि थील यांची १९२५ ची रीत आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला ते वहीत करता येईल. एका पात्रात उष्णता देणारी अभिक्रिया चालू आहे. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. आपल्या पात्रात ६० अंश सेल्सिअसला अभिक्रियेमुळे तापमान मिनिटाला २ अंशांनी वाढते असे धरू. म्हणजे ७० ला ४ अंशांनी, ८० ला ८ अंशांनी. भोवती ३० अंशांचे पाणी खेळवून आपण पात्र थंड करतो. पात्र पाण्यापेक्षा जितके अंश गरम, त्याच्या दहाव्या भागाइतकी घट मिनिटाला होते. म्हणजे ६० ला ३ अंश, ७० ला ४ अंश, ८० ला ५ अंश.

दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. साठला जमा २, खर्च ३; पात्र आपोआप थंड होते. सत्तरला जमा ४, खर्च ४. तराजू तोलून धरलेला. ऐंशीला जमा ८, खर्च ५. पात्र आणखी तापते, तापल्यामुळे अभिक्रिया आणखी वेगाने होते, त्यामुळे ते आणखी तापते. सत्तर अंश ही या पात्राची सीमारेषा झाली. एकोणसत्तरवर ते सुरक्षित आहे, एकाहत्तरवर ते सुटले आहे. आणि डोळ्यांना या दोहोंत काहीच फरक दिसत नाही. शीतकरण रेषेने वाढते, अभिक्रिया दुपटीने वाढते. या शर्यतीचे गणित रशियन शास्त्रज्ञ सेम्योनॉव यांनी १९२८ साली मांडले. त्यांना पुढे १९५६ चे नोबेल पारितोषिक हिन्शेलवूड यांच्यासमवेत मिळाले.

हेच पात्र ८० अंशांवर असताना पुढे काय होईल, ते ऑयलरच्या रीतीने एकेका मिनिटाचे पाऊल टाकून काढू. पहिल्या मिनिटाला ८३, दुसऱ्याला ८७.५, तिसऱ्याला ९५, चौथ्याला ११२, पाचव्याला १७६. आता पाऊल अर्ध्या मिनिटाचे करू. तिसऱ्या मिनिटाला १००, चौथ्याला १४९. उत्तर बदलले! पाऊल आणखी बारीक करीत गेलो तर कळते की प्रत्यक्षात तिसऱ्या मिनिटाच्या आसपासच तापमान सर्व मर्यादा ओलांडून गेलेले असते. ज्याने मिनिटाचे पाऊल टाकले त्याच्या कागदावर त्या क्षणी ९५ अंश आहेत आणि तो म्हणतो आहे, अजून अवकाश आहे. गणित चुकलेले नाही. बेरीज-वजाबाकी अगदी बरोबर आहे. तरीही त्या उत्तरावर विसंबून पात्राजवळ उभा राहिलेला माणूस जिवंत राहत नाही. संख्यात्मक विश्लेषण म्हणजे नुसते उत्तर काढणे नव्हे. आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा हे ठरवणे म्हणजे संख्यात्मक विश्लेषण. आमच्या शाळांतील गणित मात्र ‘उत्तर बरोबर की चूक’ या दोनच खणांत बसवलेले असते. उत्तर किती चूक असू शकेल, हा तिसरा खण परीक्षेत नाही, म्हणून तो वर्गातही नाही.

काही अभिक्रिया क्षणार्धात होतात, काहींना तास लागतात, आणि एकाच पात्रात दोन्ही चालू असतात. अशा समीकरणांना साध्या पद्धतीने सोडवू गेले की पाऊल अतोनात बारीक करावे लागते. १९५२ साली कर्टिस व हर्शफेल्डर यांनी रासायनिक वेगशास्त्राचा अभ्यास करतानाच या ‘ताठर’ समीकरणांचा प्रश्न ओळखला आणि १९७१ पर्यंत गिअर यांनी त्यांसाठी संगणकावर चालणारी पद्धत प्रचारात आणली. शुद्ध गणिताला रसायनाने शिकवले, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नील ॲमंडसन यांनी १९५० च्या दशकात रिॲक्टरच्या स्थैर्याचा गणिती अभ्यास सुरू केला. त्याच विद्यापीठात पीएच.डी. केलेले दोरैस्वामी रामकृष्ण हे मुंबईच्या यूडीसीटीचे पदवीधर. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची, तेथे एल. के. दोरैस्वामी यांनी रासायनिक अभिक्रिया अभियांत्रिकीचे जागतिक कीर्तीचे केंद्र उभे केले, आणि यूडीसीटीचे एम. एम. शर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ही विद्या आपल्या अंगणात आहे. पुण्या-मुंबईतून ती बोईसर, महाड, लोटे येथील पाळीवरच्या कामगारापर्यंत किती पोहोचली, हा खरा प्रश्न.

न पोहोचल्यास काय होते? अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनविल येथे टी-२ लॅबोरेटरीज नावाची लहानशी कंपनी पेट्रोलमध्ये घालण्याचे एक रसायन सोडियम धातूच्या साहाय्याने बनवीत असे. प्रयोग एक लिटरच्या काचपात्रात झाले होते. कारखान्यातील रिॲक्टर २,४५० गॅलनचा, म्हणजे सुमारे ९,२७० लिटरचा होता. येथे भूमितीतील एक साधी गोष्ट आड येते. आकार तोच ठेवून पात्र लांबी-रुंदी-उंचीत २१ पट वाढवले, तर पृष्ठभाग ४४१ पट होतो, पण आतील द्रव ९,२६१ पट होतो. उष्णता निर्माण होते ती संपूर्ण द्रवात, बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला आलेला थंडावा एकविसावा भाग उरला. काचपात्रात जे निमूटपणे चालले ते मोठ्या पात्रात चालेलच असे नाही. सुरुवातीच्या दहा बॅचांमध्येच काही वेळा तापमान अनपेक्षितपणे चढले होते. इशारा मिळाला होता. तरी ४२ व्या बॅचपासून मिश्रणाचे प्रमाण एकतृतीयांशाने वाढवण्यात आले. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५ व्या बॅचला शीतकरण अपुरे पडले, तापमान सुटले, अधिक तापमानाला सोडियम व द्रावक यांच्यात दुसरीच अभिक्रिया सुरू झाली आणि रिॲक्टर फुटला. चार जण मृत्युमुखी पडले. त्यांत कंपनीचा एक मालकही होता, आणि तो स्वतः रासायनिक अभियंता होता. जखमी ३२. त्यांपैकी २८ जण त्या कंपनीचे नव्हतेच. आजूबाजूची साधी माणसे होती.

या अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकी केमिकल सेफ्टी बोर्डाने २००९ च्या अहवालात एक शिफारस केली, ती शिक्षक या नात्याने मला फार मोलाची वाटते. रासायनिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमातच अशा अनावर अभिक्रियांचे धोके शिकवले जावेत, असे मंडळाने अभियंत्यांच्या संस्थेला व अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेला सांगितले. रिॲक्टरच्या स्फोटाची चौकशी अखेर वर्गखोलीपर्यंत येऊन पोहोचली.

आपल्याकडे त्याआधी भोपाळ घडले होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४२ टन मिथाइल आयसोसायनेट होते. हा द्रव ३९ अंशांना उकळतो. तो शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा असतो. टाकीत पाणी शिरले, अभिक्रिया सुरू झाली, तापमान २०० अंशांच्याही पुढे गेले. आपल्या वहीतील पात्राकडे पुन्हा पाहू. शीतकरण निम्मे केले, दहाव्याऐवजी विसावा भाग, तर सीमारेषा ७० वरून ५० वर येते. आणखी कमी करून पंचविसाव्या भागावर आणले तर सीमारेषाच उरत नाही. कोणत्याही तापमानाला जमा खर्चाहून अधिक, पात्र आपल्या आपणच सुटणार. भोपाळमधील शीतयंत्रणा काही महिने आधीच बंद करण्यात आली होती. वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यासाठी नव्हतीच. पाणी कसे शिरले यावर वाद झाले. परंतु प्रत्येक यंत्रणा बंद करताना कुणीतरी खर्चाच्या रकान्यात बचत लिहिली असणार, आणि सीमारेषा किती खाली सरकली हे मात्र लिहिले नसणार. शास्त्रज्ञ वरदराजन यांच्या नेतृत्वाखालील समितीने टाकीच्या तळाशी उरलेल्या अवशेषांचे पृथक्करण करून १९८५ च्या अखेरीस त्या रात्रीचे रसायन मागे जाऊन मांडले. हजारो माणसे गेल्यानंतर हे गणित झाले.

प्रतिमान मांडताना अभियंत्याला पहिल्यांदा एक निर्णय घ्यावा लागतो. जमाखर्चाची वही कुठपर्यंत? गणितात याला सीमा म्हणतात. सीमा रिॲक्टरच्या पत्र्यापाशी आखता येते, कारखान्याच्या कुंपणापाशी आखता येते, किंवा कुंपणाला टेकून असलेल्या वस्तीच्या शेवटच्या घरापाशी. समीकरण हे ठरवत नाही; माणूस ठरवतो. भोपाळच्या कारखान्यासमोरच जयप्रकाश नगरची वस्ती होती. तेथे कोण राहत होते? ज्यांना शहरात अन्यत्र जागा परवडत नव्हती ते. हा योगायोग नव्हे. धोक्याची जमीन स्वस्त असते आणि स्वस्त जमिनीवर कोण येऊन वसते, हे आपल्या समाजाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. म्हणून प्रतिमानाची सीमा कुठे आखली, हे विचारण्याचा अधिकार त्या वस्तीला असला पाहिजे. आणि अधिकार वापरायचा तर प्रश्न विचारता येण्याइतके गणित हवे.

आमचा एक माजी विद्यार्थी केमिकल प्लांट ऑपरेटरचा आयटीआय करून एका कारखान्यात लागला. दिवाळीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, “सर, शीटवर लिहिलंय पासष्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. का, विचारलं तर सुपरवायझर म्हणाले, कॉम्प्युटरने काढलंय.” मी त्याला वहीतील तक्ता करून दाखवला. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे पाणी कमी दाबानं आलं तर पासष्टसुद्धा जास्तच की!” बारावीसुद्धा न शिकलेल्या मुलाने काढलेला हा निष्कर्ष अचूक होता. संगणकाने आकडा काढला खरा. परंतु पाण्याचा दाब इतका राहील, पात्राच्या आत क्षार साचणार नाही, ढवळणारे पाते बंद पडणार नाही, हे संगणकाला कुणी सांगितले? गृहीतके माणसाची असतात. शीटवर आकड्याशेजारी ती गृहीतके मराठीत छापली पाहिजेत, असे मला वाटते. त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

संगणकावरील प्रतिमानांविरुद्ध माझे काही म्हणणे आहे, असा कुणी समज करून घेऊ नये. एक लिटरवरून नऊ हजार लिटरवर माणसांचे जीव पणाला लावून जाण्यापेक्षा कागदावर हजार वेळा स्फोट झालेला बरा. माझा आक्षेप आहे तो पडद्यावरच्या आकड्यापुढे हात जोडण्याला. पोथीतले आहे म्हणून खरे, या जागी यंत्रातले आहे म्हणून खरे, एवढाच बदल झाला असेल तर काय साधले?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य वर्गासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची मागणी केली होती, आणि केवळ कला व कायद्याच्या पदव्यांनी या वर्गाचे फारसे भले होणार नाही असे स्पष्टपणे म्हटले होते. ते स्वतः अर्थशास्त्र व कायद्याचे पंडित असताना. त्या मागणीचा अर्थ आपण ‘मुलाला इंजिनियर करा’ एवढाच घेतला, आणि शुल्क भरून पदव्या मिळवल्या. प्रक्रियेच्या मुळाशी असलेले गणित समजून घेणे, हा त्या मागणीचा मोठा भाग मागे राहिला.

आपल्या विद्यालयात संगणककक्ष आहे. तेथे नववीचे विद्यार्थी स्प्रेडशीटवर गुणपत्रिका तयार करायला शिकतात. त्याच स्प्रेडशीटवर वरील पात्राचा तक्ता अर्ध्या तासात होतो. विज्ञानाचे व गणिताचे शिक्षक यांनी आठवड्यातून एक तासिका यासाठी द्यावी, अशी विनंती मी मुख्याध्यापकांकडे केली आहे. प्रारंभ मात्र खडू-फळ्यावर व वहीतच व्हावा, म्हणजे प्रत्येक पाऊल विद्यार्थ्याच्या हातून पडेल. पहिला स्वाध्याय येथेच देतो. शीतकरण विसाव्या भागाचे घ्यावे, आरंभ ६० अंशांपासून करावा, पाऊल एका मिनिटाचे ठेवावे. नंतर अर्ध्या मिनिटाचे. आधी बराच वेळ फारसे काही घडताना दिसणार नाही. तक्ता वहीच्या दोन पानांत मावतो.